दोन वर्षांची अट

मेहकर,
६ ऑगस्ट २०२३

तीर्थरूप मामाजींच्या चरणी सून अनुपमाचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि भाऊजींच्या मोबाईलवर मेसेज टाकला तर तुमच्या आधी तेच वाचतात. म्हणून पत्र लिहिते. आत्याबाईंना वाचून दाखवा.

नोकरीला लागून पंचवीस दिवस झाले. खोली बसस्टँडपासून जवळ मिळाली. अपेक्षाचं नाव शाळेत घातलं, सातवीत. ऑफिसात मला खिडकीजवळचं टेबल दिलं आहे. टेबलावर कॉम्प्युटर आहे. पहिले दोन दिवस मी त्याला हातच लावला नाही, पुसून ठेवायची फक्त. तिसऱ्या दिवशी मोठे बाबू महादेवराव यांनी सहा ओळींचं पत्र टाईप करायला दिलं. अकराला बसले, तीन वाजता झालं. त्यांनी वाचून चार जागी पेनानं गोल केले. म्हणाले, "बाई, अक्षर तुमचं लय देखणं आहे, पण हातानं लिहलेलं आता कोणी घेत नाही."

अपेक्षाच्या बाबांच्या जागी मला घेतलं तेव्हाच्या आदेशात शेवटून दुसरी अट होती, तुम्हाला आठवत असेल. दोन वर्षांत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द. नाहीतर सेवा समाप्त. म्हणजे ११ जुलै २०२५ पर्यंत वेळ आहे. मी हबीबभाईंच्या टायपिंग क्लासला जायला लागले. त्यांची मुलगी शाइस्ता शिकवते. एकोणीस वर्षांची आहे, पण मोठी शांत. बाकी सगळी पोरंपोरी कॉलेजची, मला काकू म्हणतात. एक अडचण अशी, की क्लासमध्ये अक्षरं ज्या बटणांवर आहेत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती भलत्याच बटणांवर आहेत. सकाळी शिकलेलं दुपारी चुकतं.

पण होईल. तुम्ही माझ्यावर भरवसा टाकला आहे.

तुमची,
अनुपमा

---

उंद्री,
२० ऑगस्ट २०२३

चि. अनुपमाले आशीर्वाद. अपेक्षाले गोड पापा.

पत्र भेटलं. तुह्या आत्याबाईले दोनदा वाचून दाखवलं. सहा ओळीले चार घंटे लागले हे आयकून ते हासली, मंग रडली. हरिओम गेल्यापासून तिचं असंच आहे.

तू घाबरू नको. हरिओमही नोकरीवर लागला तवा दोन बोटानंच टाईप करे. वांग्याची लागवड झाली. पाणी बरं आहे.

ऋत्विकची चिंता करू नको. तुले नोकरी द्याच्या ना-हरकतीच्या कागदावर सही कराले त्यानं आठ दिवस लावले, हे तुले माहीत आहे. त्याचं म्हणणं, म्या कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, चार वर्षापासून घरी बसून राह्यलो, अन् वहिनीले माऊस धरता येत नाही. खोटं नव्हतं ते. ज्याले मशीन येते त्याले नोकरी नाही, अन् जिले नोकरी आहे तिले मशीन येत नाही, असं झालं आपल्या घरात. पण म्या इचार केला का तो एकटा आहे, कुठंही जाईन, काहीही करन. तुह्यापाशी पोरगी आहे. आता तो निवळला आहे. काही बोलत नाही.

पत्र लिहत जाजो.

अर्जुनराव

---

मेहकर,
११ फेब्रुवारी २०२४

ती. मामाजींना नमस्कार.

डिसेंबरात परीक्षा दिली होती, तिचा निकाल लागला. मी नापास झाले.

कसं झालं ते सांगते. परीक्षा बुलढाण्याला होती. आधी ईमेल, मग पत्र, मग तक्ता आणि शेवटी उतारा. पत्र अर्ध्यावर आलं होतं. माझा हात कुठल्या बटणावर पडला कोण जाणे, सगळं लिहिलेलं निळं झालं. मी घाबरून पुढचं अक्षर दाबलं, आणि सगळं पत्र गेलं. कोरं पान. एक अक्षर उरलं त्यावर. मी तशीच बसून राहिले. बाजूच्या पोरीचे हात चालू होते, कुणाला विचारता येत नव्हतं. पुन्हा लिहायला घेतलं तर वेळ संपली.

शाइस्ताला सांगितलं तर तिनं डोक्याला हात लावला. "काकू, दोन बटणं एकदम दाबायची होती, सगळं परत आलं असतं." कुठली दोन ते तिनं दाखवलं. मला सहा महिन्यांत हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारावं हे मला सुचलं नव्हतं. तिच्या हिशेबी ते प्रत्येकाला येतंच.

जूनमध्ये परत परीक्षा आहे. आत्याबाईंना समजावून सांगा.

अनुपमा

---

उंद्री,
३ मार्च २०२४

चि. अनुपमाले आशीर्वाद.

तुवं पत्र मी सवयीनं मोठ्यानं वाचून राह्यलो होतो. नापासपाशी आलो अन् थांबलो, पण तोवर तुह्या आत्याबाईनं आयकलं होतं. ते दोन दिवस जेवली नाही. म्हणे, पोरगा गेला, आता त्याची नोकरीही चालली. ऋत्विक दारात उभा होता. त्यानंही आयकलं. नुसता हासला. ते हासणं मले आवडलं नाही.

तुले रागावत नाही मी. पण असं काही असलं तर पत्रात जरा सांभाळून लिहजो. तिची तब्येत आता असं सोसण्यातली राह्यली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अपेक्षाले घेऊन ये. म्या ऋत्विकले म्हटलं, वहिनीले शिकव. तो हाव म्हणला.

अर्जुनराव

---

मेहकर,
९ जून २०२४

ती. मामाजींना नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. आत्याबाईंनी दिलेल्या कुरड्या अपेक्षानं रस्त्यातच कोरड्या खाल्ल्या.

तुम्ही जाताना विचारलं, शिकवलं का त्यानं, आणि मी मान हलवली. तुम्हाला बरं वाटलं म्हणून पुढे बोलले नाही. खरं म्हणजे ते एक दिवस बसले माझ्याजवळ. मी तक्ता करत होते, आकडे भरत होते. ते मागे उभे राहून बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "सरका वहिनी." मी सरकले. त्यांनी दोन मिनिटांत तक्ता करून दाखवला. हात असे पळत होते की मला काही दिसलंच नाही. मग उठले आणि म्हणाले, "असं असते." आणि निघून गेले. मी परत विचारायला गेले नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही जड गेलं असतं.

परीक्षा या आठवड्यात आहे.

अनुपमा

---

मेहकर,
२२ सप्टेंबर २०२४

ती. मामाजींना आणि आत्याबाईंना नमस्कार.

मी पास झाले. निकाल लागला.

सर्टिफिकेट यायला वेळ लागेल म्हणतात. तोपर्यंत गावात कुणाला सांगू नका, पेढे वगैरे काही करू नका. आत्याबाईंना मात्र सांगा आणि जेवायला लावा.

अपेक्षा चित्रकलेत पहिली आली. पाऊस इकडे भरपूर. ऑफिसात काम वाढलं आहे, म्हणून पत्र लहान.

अनुपमा

---

उंद्री,
१३ ऑक्टोबर २०२४

चि. अनुपमाले लय लय आशीर्वाद.

तू नको म्हणली होती, पण माह्यानं राहवलं नाही. अमडापूरहून पेढे आणले. गल्लीत वाटले. रंगराव मास्तर म्हणे, या वयात सून पास झाली, जिगर लागते. तुह्या आत्याबाईनं हरिओमच्या फोटोपुढं पेढा ठेवला. ते आता दोन टाइम बराबर जेवते.

फकत ऋत्विक म्हणते, सर्टिफिकेट दाखवा. म्या म्हटलं, तुले काऊन दाखवाव? पण तू त्याची एक झेरॉक्स धाडून दे. माह्या खिशात राहू दे.

अर्जुनराव

---

मेहकर,
१९ जानेवारी २०२५

ती. मामाजींना नमस्कार.

पत्राला उशीर झाला. सर्टिफिकेट ऑफिसात जमा आहे, सेवापुस्तकात लावण्यासाठी. मिळालं की झेरॉक्स पाठवते.

महादेवराव माझ्यावर काम सोपवू लागले आहेत. आवक-जावक मीच बघते. परवा एक म्हातारे गृहस्थ पेन्शनचा कागद घेऊन आले, ऑनलाईन भरायचा होता. कुणी बघेना. मी भरून दिला, अर्धा तास लागला, पण चुकला नाही. अजूनही सकाळी क्लासला जाते, हात मोकळा राहावा म्हणून.

थंडीत मफलर बांधत जा. आत्याबाईंना जपा.

अनुपमा

---

उंद्री,
२ मे २०२५

चि. अनुपमाले आशीर्वाद.

झेरॉक्स काही आली नाही. असो, ऑफिसचं काम असंच असते.

इकडे ऋत्विकनं डोकं खाल्लं. मले आता काहीच आयकू येत नाही म्हणून पाटीवर लिहून दाखवते. परवा लिहलं, वहिनी पास झाल्याच नाही, झाल्या असत्या तर कागद दिसला असता. मले लय राग आला. म्या म्हटलं, चाल, ऑफिसलेच विचारू. त्यानं तवाच अर्ज टाईप करून आणला. एक तुमच्या ऑफिसले, एक वर बुलढाण्याले. का माह्या सुनेनं परीक्षा पास केली, याचा लेखी कागद मले द्यावा. म्या सगळा वाचला अन् सही केली. २८ तारखेले रजिस्टरनं धाडला.

आता ऑफिसचा शिक्का असलेला कागद येईन. तो याच्यापुढं टाकतो. मंग याचं तोंड कायमचं बंद होईन. तू बेफिकीर राह्य. आपण खरे आहोत, आपल्याले कशाचं भेव?

अर्जुनराव

---

उंद्री,
२५ जून २०२५

अनुपमा,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. ऑफिसचं आलं. त्यात लिहलं होतं का तू परीक्षा पास असल्याची नोंद नाही. मले वाटलं, त्याइची चूक झाली. कोणाले न सांगता मेहकरले गेलो. चिखलीले गाडी बदलली. ऑफिसात पोचलो तं तुह्या टेबलावर कोणी नव्हतं.

महादेवरावले भेटलो. तो मोठ्यानं बोलून राह्यला होता, मले समजेना. सगळे लोक पाहून राह्यले होते. मंग त्यानं मले कॉम्प्युटरपुढं खुर्ची देली. मोठ्या मोठ्या अक्षरात टाईप केलं, "अनुपमाबाई आज रजेवर आहेत. परीक्षेला गेल्या आहेत."

म्या म्हटलं, कोणती परीक्षा? ते तं पास आहे.

त्यानं माह्याकडं पाह्यलं. फाईल काढून पाह्यली. मंग टाईप केलं, "त्या दोन्ही वेळा नापास आहेत. हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

म्या ते तीनदा वाचलं. खाली अजून टाईप केलं, "मग तुम्ही अर्ज का केला?"

अपेक्षा खोलीवर एकटी असन हे माहीत होतं. गेलो नाही. तिच्यापुढं कोणतं तोंड घेऊन जाव? स्टँडवर दोन गाड्या सोडल्या अन् तिसरीनं वापस आलो.

तू खोटं काऊन लिहलं, एवढंच सांग.

अर्जुनराव

---

मेहकर,
२७ जुलै २०२५

ती. मामाजींना नमस्कार.

तुमचं पत्र महिनाभर उशाखाली होतं. आता सगळं सांगते.

जून २०२४ च्या परीक्षेत उतारा माझा वेळेत झाला होता. तक्त्यात गेले. बेरजा मी तोंडी करून आकडे टाईप केले. बेरीज एकूण एक बरोबर होती. पण ती मशीनकडून करून घ्यायची होती, तसं सूत्र घालायचं होतं. त्याचे मार्क मिळाले नाहीत. चार मार्कांनी राहिले. निकाल हातात घेऊन क्लासच्या पायरीवर बसले तेव्हा मला आत्याबाईंचं न जेवणं दिसलं, आणि भाऊजींचं हसणं. वाटलं, डिसेंबरात पास होईन, मग हे खोटं आपोआप खरं होईल. कुणाला कळणार नाही.

पण डिसेंबरचा फॉर्म मी भरलाच नाही. क्लासमध्ये उंद्रीची एक मुलगी आली होती. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, तुम्ही तं पास झाल्या ना? तुमच्या घरचे पेढे आम्ही खाल्ले." मी म्हटलं, हो, नुसती सरावाला येते. तिच्यासमोर परीक्षेचा फॉर्म कसा भरणार होते? एक संधी अशी गेली.

तरी सुटले असते. महादेवरावांनी माझी फाईल खाली ठेवली होती. जूनची परीक्षा द्या, निकाल आला की मुदतवाढीचं पाहून घेऊ, म्हणाले होते. मग तुमचा अर्ज आला. त्यांनी मला बोलावलं, कागद पुढे केला. "बाई, हा तुमच्या घरून आला? परक्यानं धाडला असता तं म्या दाबला असता. बुलढाण्याहून विचारणा आली आहे, आता माह्या हातात काही नाही."

नोटीस आली. मी उत्तर दिलं, की जूनची परीक्षा दिली आहे, निकालापर्यंत थांबा. थांबले नाहीत. २१ जुलैला सेवा समाप्तीचा आदेश मिळाला. टेबलाच्या चाव्या दिल्या, सही केली. आदेशात वर संदर्भ लिहिले आहेत. दुसऱ्या क्रमांकावर तुमचं नाव आहे, रा. उंद्री, अर्जाच्या तारखेसह.

ते वाचून मला तुमचा राग आला नाही, असं लिहिणार होते. पण आता खोटं लिहायचं नाही. आला. रात्रभर आला. सकाळी वाटलं, तुम्ही माझ्या शब्दावर सही केली होती. दुसऱ्या कुणाचा शब्द असता तर तुम्ही दहादा विचार केला असता.

अनुपमा

---

उंद्री,
१७ ऑगस्ट २०२५

चि. अनुपमाले आशीर्वाद.

तुह्या पत्राले काय लिहाव हे समजत नाही. तीन कागद फाडले.

खोटं तू एकटीच नाही बोलली. पहिल्याच पत्रात म्या लिहलं होतं का ऋत्विक निवळला. ना-हरकतीवर सही केली त्या दिवसापासून तो माह्यासंग जेवाले बसला नाही. दोन वर्षं. म्या तुले कळू देलं नाही. तुले कळलं असतं तं तू सावध राह्यली असती.

आदेशाचं समजल्यावर ऋत्विक मेहकरले गेला होता. त्याले वाटे, तुह्याजवळून नोकरी गेली का त्याले भेटन. त्याइनं सांगतलं, अनुकंपाची जागा एकदा देली का संपली, परत त्या घराले भेटत नाही. तो आला अन् वट्ट्यावर बसला. म्या पाटी घेतली अन् त्याच्यापुढं ठेवली, का लिही, आता काय म्हणतं. त्यानं खडू हातात धरला. लिहलं काही नाही. खडू तसाच धरून रडाले लागला. एवढा मोठा पोरगा. तवा मले समजलं का त्यानं तुह्या नोकरीचं वाटोळं कराले अर्ज नव्हता केला, त्याले फकत कोणी तरी त्याचंही आयकाव असं वाटे. अन् मले तं आयकूच येत नाही.

मागच्या सोमवारी तो पुण्याले गेला. एका गोदामात काम भेटलं. कॉम्प्युटरचं नाही, खोके भरायचं.

तू अन् अपेक्षा इकडे या. घर तुवं आहे. तुह्या आत्याबाईले म्या काहीच सांगतलं नाही. ते समजते का तू ऑफिसात जाते अन् ऋत्विक साहेब झाला.

अर्जुनराव

---

मेहकर,
५ ऑक्टोबर २०२५

ती. मामाजींना नमस्कार.

इकडे अपेक्षाची नववी चालू आहे, मध्येच शाळा सोडून येणं बरं नाही. हबीबभाईंनी मला क्लासवर ठेवून घेतलं आहे. मुलांचे कॉलेजचे फॉर्म भरते, शिष्यवृत्तीचे भरते. नव्या पोरी येतात त्यांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवते, लिहिलेलं गेलं तर परत कसं आणायचं. शाइस्ता हसते, म्हणते, "काकू, आधी लिहू तर द्या त्यांना." पगार ऑफिसच्या पावसुद्धा नाही. भागवते.

भाऊजींचा मला फोन आला होता. पहिल्यांदाच. अपेक्षाची शाळा विचारली. मग म्हणाले, "वहिनी, तुम्हाला तक्ता नीट शिकवला असता तर," आणि ठेवून दिला. मी परत लावला, उचलला नाही.

जूनच्या परीक्षेचा निकाल परवा लागला. मी पास झाले. उताऱ्यात मिनिटाला छत्तीस शब्द, आणि तक्त्यात पूर्ण मार्क. हे खरं आहे. निकालाचा कागद या पत्रासोबत आहे.

परवाच तो घेऊन ऑफिसात गेले. का गेले ते माझं मलाच सांगता येणार नाही. उपयोग नाही हे माहीत होतं. खिडकीजवळच्या माझ्या टेबलावर अजून कुणी आलेलं नाही. कॉम्प्युटरवर कापड टाकलं आहे आणि त्यावर फाईलींचे गठ्ठे. महादेवरावांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. म्हणाले, "चांगलं झालं बाई." मग कागद परत देत, "अडीच महिने." एवढंच. मी उभीच होते. सवयीनं त्यांच्या मागच्या कपाटाकडे, आमची लोकं बसतात तिकडे वळले. त्यांनी हातानं टेबलाच्या अलीकडची खुर्ची दाखवली, बाहेरून काम घेऊन येणाऱ्यांची. "बसा, चहा मागवतो." मी बसले. चहा प्यायले. नमस्कार करून आले.

दिवाळीला आम्ही दोघी येतो. आत्याबाईंना तोपर्यंत तुम्ही काही सांगू नका, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका. मी त्यांच्यासमोर बसून सांगीन. त्या जेवल्या नाहीत तर त्यांच्याबरोबर मीही जेवणार नाही, पण सांगीन.

तुमची,
अनुपमा